एक्सेलचं सिनॅरिओ मॅनेजर: होम लोन घेण्याआधी वापराच
घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी आणि बायको रात्री जेवणं झाल्यावर हेच उघडून बसायचो. डेटा टॅबमध्ये व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसखाली मिळतं, आधी पीएमटी फॉर्म्युल्याने हप्ता काढायचा आणि मग व्याजदर, मुदत बदलून प्रत्येक शक्यता वेगळ्या नावाने सेव्ह करायची. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे हप्ता ३४,७१३, तेच १५ वर्षं केलं की ३९,३९० पण व्याजात जवळपास साडेबारा लाख वाचतात, हे समोरासमोर बघितलं आणि बायको लगेच म्हणाली, पंधराच करूया! फक्त समरी, म्हणजे सगळ्या शक्यता शेजारी-शेजारी दाखवणारा तक्ता, आपोआप अपडेट होत नाही, आकडे बदलले की परत काढा. आणि आकड्यांच्या सेल्सना (शीटमधल्या चौकोनांना) नावं द्याच, नाहीतर समरीत नुसते सेलचे पत्ते दिसतात.