दहा महिने ‘द अदर साइड’ ऐकताना

गेल्या नोव्हेंबरात नॉर्वेच्या टोर्ड गुस्तावसेन ट्रिओची, म्हणजे पियानो, बेस आणि ड्रम अशा तिघांच्या जॅझ गटाची, ‘द अदर साइड’ ही सीडी घेतली आणि पहिले दोन महिने मी ती चुकीचीच ऐकली. जेवणं उरकली, ओटा आवरला की सीडी लावायची आणि आडवं व्हायचं. चौथ्या रचनेपर्यंत डोळा लागलेला असायचा. ‘झोपेसाठी छान आहे,’ असं मैत्रिणींनाही सांगत होते. आता ते आठवलं की मनाला लागतं, कारण इतकं जीव ओतून आणि इतकं तोलून वाजवलेलं दुसरं काही माझ्या संग्रहात नाही.

फरक पडला तो पंख्यामुळे. जानेवारीत थंडी होती, पंखा बंद होता. सीडी निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात पियानोच्या मागून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. सीडीवर ओरखडा पडला असावा म्हणून उठले, जरा मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तो ड्रमवादक यार्ले वेस्पेस्ताडचा ब्रश होता, काठीऐवजी वापरतात तो तारांचा, ड्रमच्या कातड्यावरून सावकाश फिरणारा. दोन महिने तो पंख्याच्या घरघरीत बुडालेला होता. म्हणजे तिघांपैकी एक माणूस मी ऐकलाच नव्हता! हाच वेस्पेस्ताड ‘सुपरसायलेंट’ या नॉर्वेजियन गटात कान फाटतील इतकं जोरात वाजवायचा. त्याने इथे हात किती आवरला असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

विलंबित ऐकणाऱ्यांना ही लय परकी वाटणार नाही. पण विलंबितात तबल्याचा ठेका मात्रा भरत जातो, समेची वाट दिसत राहते. इथे पुष्कळ मात्रा रिकाम्या सोडलेल्या आहेत, त्या आपणच मनात धरायच्या. ते जमायला मला मार्च उजाडला. नंतर मात्र पियानोवर गुस्तावसेन एक सूर वाजवून थांबला की पुढचा सूर येईपर्यंत माझाही श्वास थांबायला लागला.

थोडं या तिघांविषयी. ट्रिओचे पहिले तीन अल्बम २००३, २००५ आणि २००७ मध्ये आले. तेव्हा डबल बेसवर, म्हणजे उभ्याने वाजवायच्या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, हाराल्ड यॉन्सेन होता. तो २०११ मध्ये गेला. मधल्या वर्षांत गुस्तावसेन चौकडी घेऊन, गायिकांसोबत असा वाजवत राहिला आणि ११ वर्षांनी, २०१८ मध्ये, पुन्हा तिघांचा अल्बम केला. या अल्बमवर बेस सिगुर्ड हूलेने वाजवला आहे. तो तारांवर गज ओढतो तेव्हा सारंगीच्या घराण्यातलंच काहीतरी जवळून ऐकल्यासारखं वाटतं, फक्त फार खालच्या सप्तकातलं. ध्वनिमुद्रण ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओतलं, यान एरिक कोंग्सहाउगच्या हातचं. पियानोची एकेक पट्टी सुटताना ऐकू येते.

गुस्तावसेन लहानपणापासून चर्चमधल्या गाण्यांत वाढलेला. इथल्या १२ रचनांमध्ये नॉर्वेतली जुनी स्तोत्रं आहेत, जर्मन संगीतकार बाखची कोरालं, म्हणजे चर्चमधली समूहगीतं, आहेत. सगळा चर्चचा समूह मिळून म्हणेल अशा चाली, आणि शब्द एकही नाही. अर्थ मी एकेक करून शोधत गेले. दुसऱ्या रचनेचं नाव ‘चर्च हे एक जुनं घर’ अशा अर्थाचं आहे. सातवी ‘श्लाफेस ब्रूडर’, म्हणजे झोपेचा भाऊ. बाखच्या ५६ क्रमांकाच्या कांटाटाचा, म्हणजे गायन-वाद्यांच्या मोठ्या रचनेचा, शेवट या कोरालने होतो. मरणाला ‘झोपेच्या भावा, ये, मला घेऊन जा’ अशी हाक आहे त्यात. हे कळल्यावर ती ऐकत झोपणं मला कधी जमलं नाही. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती चाल मी अनेक रात्री अंधारात बसून पुन्हा पुन्हा लावली. रडूही आलं आणि बरंही वाटलं.

तक्रारीही आहेत. बऱ्याच रचना एकाच लयीत चालतात. सलग ऐकताना आठवी आणि दहावी माझ्या मनात अजून एकमेकींत मिसळतात. इलेक्ट्रॉनिक्सचा हात इतका पुसट आहे की नसता तरी चाललं असतं. प्रवासात तर हा अल्बम लावूच नये. बसमध्ये मी दोनदा प्रयत्न केला, इंजिनाखाली बेस पूर्ण गेला. फोनच्या स्पीकरवरही तेच होतं.

एप्रिलपासून पंख्याशिवाय बसणं अशक्य झालं, तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले. त्याने ब्रश परत मिळाला, पण खोलीभर पसरणारा बेस गेला. म्हणून आता पावसाळ्यात, गारवा आला की स्पीकरवर, नाहीतर हेडफोनवर. नव्याने ऐकणाऱ्याने पहिल्या रचनेपासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. अकरावं ‘लेफ्ट ओव्हर ललबाय नंबर ४’ आधी लावा, पंखा बंद करून, आणि एकदा फक्त ड्रमकडे कान ठेवा.