कॅम्पातली चर्च-फाइल सेवा: जमीन पक्की, सभासद कच्चे

झेरॉक्स, टायपिंग आणि बाँड रायटरचं काम एकत्र करणारं बेळगावच्या कॅम्पातलं एक दुकान चर्चच्या कमिट्यांना जमिनीच्या कागदांची आणि सभासद यादीची ‘फाइल’ लावून देतं. मंडळीत दोन तट पडले, पाळकांच्या विरोधात सह्यांची मोहीम निघाली, की सेक्रेटरी पहिला तिथेच धावतो. फाइलचा जमिनीचा भाग चोख आहे. माणसांचा भाग घाईत उरकलेला, आणि भांडण बहुतेक वेळा तिथेच अडतं.

शहरातल्या जागेचा सीटीएस (नगर भूमापन) उतारा, खानापूर-चिकोडीकडच्या जमिनीची आरटीसी (कर्नाटकातला सातबारा), फेरफार, सबरजिस्ट्रार ऑफिसातली ईसी (जमिनीवरच्या बोजांचा आणि व्यवहारांचा दाखला), असा क्रम. कन्नड कागदासमोर मराठी भाषांतर असतं. मोडीतला जुना कागद असला तर लिप्यंतराचे पैसे पानावर, वेगळे. कॅन्टोन्मेंटमधल्या इमारतीसाठी ते न सांगता जीएलआरचा (कॅन्टोन्मेंटच्या जमीन नोंदवहीचा) उतारा मागवतात, हे विशेष. त्यावर ‘ओल्ड ग्रँट’ असेल तर जमीन सरकारची आणि मंडळीचा हक्क बांधकामापुरता. हे पान आधी वाचलं असतं तर अर्धी भाषणं झालीच नसती.

फाइलचं खरं मोल आहे नावांच्या साखळीच्या पानात. लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात १८२० मध्ये काम सुरू केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. मग मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, पुढे मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया. उताऱ्यावर यातलं कुठलंही नाव अडकून पडलेलं असू शकतं. दुकान प्रत्येक नावासमोर हस्तांतराच्या दस्ताचा नंबर लिहितं. दस्त मिळाला नाही तर रकाना कोरा ठेवून लाल खूण करतं. कोरा रकाना झाकत नाहीत, हे बरं. वकील आधी तोच बघतो.

एक कागद मात्र मागितल्याशिवाय लावत नाहीत. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद झालेली असेल तर तिची नक्कल हवीच. गुजरातेतल्या ब्रदरन पंथाच्या मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच धरलं: सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) विलीन व्हायचा नुसता ठराव केला म्हणून नोंदलेल्या ट्रस्टची मिळकत आपोआप तिकडे जात नाही.

आता सभासद यादी. दुकान जुन्या रजिस्टरवरून नावं, वय, पत्ता एवढंच टाइप करतं. वादात याचा उपयोग नाही. बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची (पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीची) तारीख, शेवटच्या वर्गणीची पावती, आणि मराठी की कन्नड उपासना, हे चार रकाने लागतात. एकाच पास्टरेटमध्ये (एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळीत) दोन भाषांच्या उपासना असल्या की तेच कुटुंब दोन्ही रजिस्टरांत सापडतं, एकदा मराठी स्पेलिंगने आणि एकदा कन्नड. निवडणुकीत विरोधी गट बोट ठेवतो तो याच जोड-नावांवर. दुसरा पेच सिद्धांताचा आहे. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पेंटेकॉस्टल सभेत पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला, तर त्याचं मत धरायचं का? यादीत तसा शेरा नसेल तर निर्णय मतदानाच्या दिवशी आरडाओरड करूनच होतो. नियम पंथाच्या घटनेत पाहायचा, टायपिस्टला विचारायचा नाही.

फाइलसोबत चार पानी माहितीपत्रक फुकट देतात, ते सोडलेलंच बरं. त्यात अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांच्या फुटीची माहिती ठीक आहे: २०१९ ला सेंट लुईसच्या सभेत समलिंगी विवाह आणि समलिंगींना पाळकपदाची दीक्षा यांवरची बंदी ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी कडक झाली, बाहेर पडायला २०२३ अखेरपर्यंत वाट दिली गेली आणि साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या गेल्या, २०२४ ला शार्लटच्या सभेने बंदी उठवली. पण पुढे पत्रक सुचवतं की हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी इथली मंडळीही इमारतीसकट बाहेर पडू शकते. साफ चूक. बाहेर पडायचं ते कलम अमेरिकेतल्या मंडळ्यांपुरतं होतं, शिवाय तिथेही वरच्या संस्थेला द्यायचा दोन वर्षांचा वाटा आणि पेन्शनचं देणं चुकतं करावं लागत होतं. इथलं मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे. पत्रकात मेथडिस्टांना सरसकट सीएनआयमध्येही ढकललंय. १९७० ला नागपुरात त्यात गेले ते ब्रिटिश परंपरेचे. अमेरिकन परंपरेचे ऐनवेळी बाहेर राहिले.

सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडिया) मंडळीने फाइल करायला देताना सीएसआय ट्रस्ट असोसिएशनचं नाव उताऱ्यावर आहे का, ते आधी बघावं. असेल तर मालकी त्या असोसिएशनची, स्थानिक कमिटीने एकमताने ठराव केला तरी जागा विकता येत नाही.

दर वाजवी आहेत, काम वेळेवर होतं. जमिनीची फाइल इथूनच करावी. सभासद यादी कमिटीने स्वतः दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून करावी, प्रत्येक पानावर पाळक आणि सेक्रेटरी दोघांची सही घ्यावी. प्रकरण दिवाणी कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ (सार्वजनिक ट्रस्टचे दावे) खाली न्यायचं असेल तर हितसंबंध असलेले किमान दोघे अर्जदार आणि कोर्टाची परवानगी लागते. त्या दोघांची नावं यादीत वादाविना बसतात ना, हे दुकानात जाण्याआधीच तपासा.