एक्झिट पोल की घरी येणारा सर्व्हे?

२० मे २०२४. ठाण्यातल्या नौपाड्यात लोकसभेचं मत देऊन बाहेर पडलो, तर थोड्या अंतरावर एक पोरगा टॅब घेऊन उभा. "काका, कुणाला दिलंत?" मागे शेजारी, पुढे कार्यकर्ते, मी हसून सटकलो. एक्झिट पोलची गोम इथेच आहे.

लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेचा मतदानोत्तर सर्व्हे निवांत. मतदारयादीतून नावं काढायची, घरी जायचं, नकली मतपत्रिका हातात द्यायची. ती घडी घालून डब्यात. शिवाय जात, वय, शिक्षण, महागाई, सगळं विचारतात.

२०२४ ला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० पार नेलं; मिळाल्या २९३. तसंही कोण जिंकलं ते मोजणीला कळतंच. का जिंकलं हे हवं असेल तर मला घरी येणारा सर्व्हेच पटतो. फक्त घोडबंदरच्या टॉवरचा वॉचमन सर्व्हेवाल्यांना आत सोडेल तर!