तारेच्या नेटवर्कला वाय-फायची जोड: युबिक्विटी यू६ प्लस

सनदी लेखापालाच्या कार्यालयात वाय-फाय सुरू करणे म्हणजे अशिलांची विवरणपत्रे, बँकेचे तपशील आणि टॅलीचा डेटा ज्या नेटवर्कवर आहे, त्याला हवेतून एक नवे दार उघडून देणे होय. पुण्यातील आमच्या कार्यालयात प्रत्येक टेबलापर्यंत कॅट-५ई केबल आधीपासूनच आहे आणि ती उत्तम चालते. अडचण होती ती लॅपटॉप घेऊन बैठकीच्या खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या अशिलांच्या फोनची. त्यासाठी आम्ही युबिक्विटीच्या युनिफाय मालिकेतील यू६ प्लस हे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलच्या नेटवर्कला वाय-फायची जोड देणारे उपकरण, छताला बसवले. सिग्नलबद्दल मी समाधानी आहे, परंतु अशा उपकरणाची पारख ते जुन्या नेटवर्कमध्ये किती शिस्तीने सामावते यावरच करावी, असे माझे ठाम मत आहे.

हे उपकरण वाय-फाय ६ चे असून २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन्ही बँडवर चालते. ६ गिगाहर्ट्‌झची सोय त्यात नाही. ८०२.३एएफ पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या मानकावर) त्याचे भागते, त्यामुळे डेटा आणि वीज एकाच केबलमधून मिळतात आणि छतापाशी प्लगपॉइंट काढावा लागत नाही. मात्र पेटीत पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर) येत नाही, हे मागवण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. नेटवर्क पोर्ट एकच आणि तोही एक गिगाबिटचा असल्यामुळे पेटीवरचे वेगाचे मोठे आकडे तारेपर्यंत पोहोचत नाहीत. फायली उघडणे, ईमेल आणि व्हिडिओ बैठका यांसाठी तो पोर्ट पुरेसा आहे.

आमचा अधिक खर्च झाला तो स्विचवर, म्हणजे सर्व केबली जिथे जोडल्या जातात त्या पेटीवर. जुना अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग न करता येणारा, स्विच व्हीलॅन (त्याच केबलवर चालणारी स्वतंत्र आभासी नेटवर्क) वेगळे ठेवू शकत नाही, आणि व्हीलॅनशिवाय पाहुण्याचा फोन व टॅलीचा सर्व्हर एकाच नेटवर्कवर येतात. मॅनेज्ड पीओई स्विच आल्यावर कर्मचाऱ्यांचा एक व्हीलॅन, पाहुण्यांचा दुसरा आणि उपकरणांच्या व्यवस्थापनाचा तिसरा अशी विभागणी झाली, व पाहुण्यांना फक्त इंटरनेटपर्यंतच जाऊ देणारे नियम फायरवॉलवर लिहिले. युनिफायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाय-फाय नावाला व्हीलॅन जोडण्याचे काम सोपे आहे, आणि हे सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर विनामूल्य चालवता येते. तो संगणक बंद असला तरी वाय-फाय चालू राहते. पाहुण्यांसाठीचे लॉगिन पान मात्र त्याच्याविना उघडत नाही.

कर्मचाऱ्यांसाठी एकच सामाईक पासवर्ड ठेवण्यास मी ठाम विरोध केला. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीच्या सामाईक पासवर्डमध्ये, तो माहीत असलेला आणि जोडणीच्या वेळचा हँडशेक (सुरुवातीच्या संदेशांची देवाणघेवाण) टिपणारा कोणीही दुसऱ्याची वाहतूक उलगडू शकतो. शिवाय एखादा आर्टिकल सहायक (प्रशिक्षणार्थी) सोडून गेला की सर्वांचा पासवर्ड बदलावा लागतो. त्यानंतरच्या डब्ल्यूपीए३ ने पहिला दोष दूर केला, दुसरा तसाच राहिला. म्हणून आम्ही प्रत्येकाला वेगळे लॉगिन देणारी एंटरप्राइझ पद्धत निवडली: ॲक्सेस पॉइंट प्रत्येकाची ओळख रेडियस सर्व्हरकडून (लॉगिन पडताळणाऱ्या सर्व्हरकडून) तपासून घेतो, आणि विंडोज सर्व्हरमधील एनपीएस ही सेवा हे काम करते. एक खाते बंद केले की त्या व्यक्तीचा प्रवेश संपतो. यात फोन आणि लॅपटॉपवर सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची सेटिंग न विसरता करावी लागते. ती राहिली तर त्याच नावाचा बनावट ॲक्सेस पॉइंट उभारून कोणीही लॉगिनची माहिती काढून घेऊ शकतो. रेडियस सर्व्हर बंद पडला तर नव्याने कोणालाही जोडता येत नाही, म्हणून तो यूपीएसवर असलाच पाहिजे.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ॲक्सेस पॉइंटपर्यंत येणाऱ्या केबलवर हे सर्व व्हीलॅन एकत्र येतात, त्यामुळे ती काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावणारा माणूस वाय-फायचा पासवर्ड न देताच आत शिरू शकतो. स्विचच्या त्या पोर्टवर आवश्यक तेवढेच व्हीलॅन ठेवावेत, व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमधून रेडियसच्या तपासणीखेरीज सर्व्हरकडे जाण्याची वाट बंद करावी आणि उपकरण हात न पोहोचेल असे बसवावे. यू६ प्लसला एकच पोर्ट असणे येथे उलट सोयीचे ठरते, कारण खाली उघडा असा दुसरा पोर्ट राहत नाही.

प्रिंटर आम्ही तारेवरच ठेवले. आमच्या प्रिंटरना एंटरप्राइझ लॉगिन जमत नाही, आणि केवळ त्यांच्यासाठी सामाईक पासवर्डचे वेगळे वाय-फाय उघडण्याचे कारण नव्हते. चार-पाच जणांच्या कार्यालयात रेडियस सांभाळणारे कोणी नसेल तर डब्ल्यूपीए३ चा लांब पासवर्ड आणि पाहुण्यांचा वेगळा व्हीलॅन एवढी व्यवस्था हेच उपकरण चोख देते. त्याहून मोठ्या कार्यालयाने आधी मॅनेज्ड स्विच घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बसतील तेवढे यू६ प्लस मागवावेत.