‘नोस्फेराटू’ कोणत्या प्रतीत पाहावा? हॅलोविनसाठी तीन मूकपट

ऑक्टोबर उजाडला की भयपटांच्या शिफारशींच्या याद्या फिरू लागतात आणि त्या याद्यांत शंभर वर्षांपूर्वीच्या दोन-तीन मूकपटांना मानाचे पान हमखास मिळते. मान मिळतो, प्रेक्षक मात्र मिळत नाही. जे हौसेने पाहायला बसतात त्यांच्यापैकी बरेच जण वीस मिनिटांत कंटाळतात, आणि जे तग धरतात तेही ‘त्या काळी लोक याला घाबरत असतील बुवा’ असे म्हणून हात झटकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या वाट्याला आलेली प्रतच बहुधा टाकाऊ असते. मूळ हक्क संपलेले असल्यामुळे हे चित्रपट इंटरनेटवर कोणीही चढवतो. त्यात धुरकट, काटछाट झालेल्या, भलत्याच गतीने पळणाऱ्या आणि कुठलेतरी ऑर्गनवादन चिकटवलेल्या प्रतींचा भरणा असतो. म्हणून या परीक्षणात चित्रपटाइतकेच त्याच्या प्रतीबद्दल लिहिले आहे, आणि सर्वांत जास्त जागा जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेराटू’ला दिली आहे, कारण प्रतीमुळे सर्वाधिक नुकसान त्याचेच झाले आहे.

या नुकसानीचे मूळ एका खटल्यात आहे. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही रक्तपिपासू काउंटची कादंबरी १८९७ सालची. बर्लिनच्या प्राना-फिल्म या नव्या कंपनीने तिचे हक्क न घेताच तिच्यावरून चित्रपट काढला. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक केला, त्याच्या किल्ल्यात जाणाऱ्या तरुण हार्करचा हुट्टर, हार्करच्या पत्नी मीनाची एलेन. लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचे कल्पित जर्मन बंदर आणले आणि काळ १८३८ पर्यंत मागे नेला. एवढी खबरदारी घेणाऱ्यांनी चित्रपटाच्या आरंभीच्या पाट्यांत स्टोकर यांच्या कादंबरीचा उल्लेख मात्र राहू दिला, हा भाबडेपणा म्हणावा की प्रामाणिकपणा हे ज्याने त्याने ठरवावे. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी सभागृहात पहिला खेळ थाटात झाला. स्टोकर १९१२ मध्येच वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी कंपनीला कोर्टात खेचले. कंपनीचे दिवाळे वाजले, भरपाई मिळण्याची आशा संपली आणि १९२५ मध्ये न्यायालयाने निगेटिव्हसह सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तोवर काही प्रती परदेशी गेल्या होत्या. आज आपण जे पाहतो ते या वाचलेल्या प्रतींचे वंशज आहेत. देशोदेशी वितरकांनी त्यांत आपापल्या सोयीने कातरी चालवली, पाट्या बदलल्या, आणि काही इंग्रजी प्रतींत तर पात्रांना कादंबरीतली मूळ नावेही परत देऊन टाकली. पडद्यावरचा काउंट स्वतःला ड्रॅक्युला म्हणवत असेल, तर ती प्रत तिथेच बंद करावी.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची खूण रंगाची आहे. ‘नोस्फेराटू’ हा कृष्णधवल चित्रपट आहे असे सरसकट सांगितले जाते, पण १९२२ च्या प्रेक्षकाने तो तसा पाहिलेला नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फितीचे तुकडे प्रसंगानुसार रंगांत बुडवले जात. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडातल्या खोल्यांना पिवळसर, पहाटेला गुलाबीसर. तेव्हाच्या फितीवर खऱ्या अंधारात बाहेरचे चित्रीकरण करणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे रात्रीचे बाह्यप्रसंग भर दिवसा चित्रित करून रात्र करण्याचे काम निळ्या रंगावर सोपवले गेले. आता हा रंग काढून टाकल्यावर काय होते ते पाहा. ऑर्लोक विस्बोर्गच्या बंदरात उतरतो आणि स्वतःची शवपेटी काखोटीला मारून सुनसान रस्त्यांवरून आपल्या नव्या घराकडे चालू लागतो. रंग उडालेल्या प्रतीत हा सारा प्रवास लख्ख उन्हात होतो. भिंती उजळलेल्या, जमिनीवर सावल्या पडलेल्या आणि मधून हा टकला, उंदरासारख्या दातांचा म्हातारा पेटी घेऊन लगबगीने चाललेला. प्रेक्षक हसतो, आणि त्याने हसावे हेच स्वाभाविक आहे. पुढे चित्रपटाचा शेवट सूर्याच्या पहिल्या किरणावर आणि कोंबड्याच्या आरवण्यावर बेतलेला आहे. ज्याला ऊन मारते तो उन्हातून फिरतो कसा, हा प्रश्न पडला की कथेचा कणाच मोडतो. उन्हाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना स्टोकर यांची नव्हे. त्यांचा काउंट दिवसा दुबळा होतो, पण हिंडतो-फिरतो. ही भर या चित्रपटाची आहे, पुढच्या असंख्य भयपटांनी ती इथूनच उचलली, आणि नेमकी तीच गोष्ट खराब प्रतीत हास्यास्पद ठरते.

म्हणून शिफारस एकाच प्रतीची आहे: जर्मनीतील मुर्नाऊ प्रतिष्ठानाने २००६ मध्ये पूर्ण केलेली रिस्टोअर प्रत. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझमध्ये जपलेल्या १९२२ च्या रंगीत छटांच्या प्रतीवर ती मुख्यतः आधारलेली आहे आणि तिला हान्स एर्डमान यांचे, या चित्रपटासाठीच रचलेले संगीत पुन्हा जुळवून जोडलेले आहे. ती सेकंदाला अठरा चौकटींच्या गतीने सुमारे ९४ मिनिटे चालते. हाच ऐवज आजच्या चोवीसच्या गतीने पळवला तर सत्तर मिनिटांत उरकतो, त्यामुळे प्रत तपासायला नुसती लांबी पाहिली तरी पुष्कळ कळते. गतीची बाब किरकोळ नाही. किल्ल्याकडे नेणारी घोडागाडी मुर्नाऊंनी मुद्दाम तुडतुडत्या गतीने पळवली आहे आणि त्या वाटेवरचा एक तुकडा निगेटिव्हमध्ये दाखवला आहे, म्हणजे झाडे पांढरी आणि आभाळ काळे. जिथे सगळीच माणसे तुडतुडत चालतात तिथे ही एकच गाडी वेगळ्या जगातली आहे हे कळायचे कसे? अर्थात चांगल्या प्रतीतही ही गाडी आज थोडी गमतीशीरच वाटते, हे मान्य केले पाहिजे.

चांगल्या प्रतीत काय दिसते ते मात्र सांगायलाच हवे. ऑर्लोक संपूर्ण चित्रपटात दहा मिनिटेही दिसत नाही. तो नसताना त्याची चाहूल देण्याचे काम जागा करतात, आणि या जागा खऱ्या आहेत: स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला, विस्मारचे रस्ते, ल्युबेकमधली नदीकाठची मिठाची जुनी कोठारे. ओसाड खिडक्यांच्या त्या कोठारांत ऑर्लोक घर घेतो, आणि समोरच्या खिडकीत एलेन उभी राहते. जेवणाच्या प्रसंगात हुट्टर पाव कापताना अंगठ्याला सुरी लावून घेतो. ऑर्लोक तोवर एका पत्राआड तोंड लपवून बसलेला असतो. रक्त पाहताच तो उठतो तो यजमान म्हणून नव्हे, आणि हुट्टर पावलापावलाने मागे सरकत खुर्चीत कोसळतो. जहाजाच्या तळघरात पेटीतून ताठच्या ताठ, गुडघा न वाकवता उभा राहणारा देह आणि शेवटी जिन्याच्या भिंतीवरून चढत जाणारी ती नखाळ सावली, ही दोन दृश्ये न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतात इतकी ती नकलली गेली आहेत, तरी मूळ जागी त्यांचा दंश कायम आहे. जहाजाबरोबर उंदीर येतात, उंदरांबरोबर प्लेग येतो, आणि एका गल्लीतून शवपेट्यांची रांग संथपणे पुढे सरकत राहते. कोरोनानंतर हे दृश्य पूर्वीसारखे पाहता येत नाही.

खोट काढायची तर हुट्टरचे काम करणाऱ्या गुस्ताव फॉन वान्गेनहाइम यांचा अभिनय पहिल्या भागात फारच बाळबोध आहे. तो हसतो तेव्हा सभागृहाच्या शेवटच्या रांगेला दिसेल इतके हसतो. प्राध्यापक बुल्वर विद्यार्थ्यांना किडे खाणारी वनस्पती दाखवतात तो प्रसंग कथेला अडवतो असे काही जण म्हणतात. मला तो आवडतो, कारण त्यामुळे ऑर्लोक शाप किंवा पाप न राहता निसर्गातलाच एक भक्षक होऊन बसतो. सराईजवळ रात्री फिरणारा लांडगामानव म्हणून जो प्राणी दाखवला आहे तो मात्र उघडउघड तरस आहे. युरोपी प्रेक्षकाला ते चालून गेले असेल. आपल्याकडे माळरानावर तरस पाहिलेला माणूस तिथे खुदकन हसणारच.

चित्रपटाआधी वाचायचे असेल तर अख्खी कादंबरी वाचण्याची गरज नाही. ‘ड्रॅक्युला’ची पहिली चार प्रकरणे, म्हणजे हार्करची किल्ल्यातली रोजनिशी, पुरेशी आहेत, आणि खरे सांगायचे तर कादंबरीतला सर्वांत कसदार भागही तोच आहे. पाककृती टिपून घेणारा, रेल्वेच्या उशिराबद्दल कुरकुरणारा हा तरुण वकील एका रात्री खिडकीतून पाहतो तर घरधनी डोके खाली करून भिंतीवरून पालीसारखा उतरतो आहे. हे दृश्य मुर्नाऊंनी घेतलेले नाही. पुढे लंडनमध्ये कथा पोहोचल्यावर पत्रे, तारा आणि सज्जनांच्या बैठका यांत ती बरीच पाल्हाळिक होते.

रॉबर्ट वीने यांचा ‘डॉ. कॅलिगारींचे कपाट’ हा १९२० चा चित्रपट नेमका उलट्या रीतीने केलेला आहे. इथे एकही खरी जागा नाही. हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग या तिघांनी कापडावर आणि फळ्यांवर एक तिरपागडे गाव रंगवले. उजेडाचे पट्टे रंगवले, सावल्याही रंगवल्या. आपल्या संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे सपाट कापडावर खोली आणि अंतर भासवून महाल खरा वाटावा यासाठी धडपडत (बाबूराव पेंटर त्याच कामातून चित्रपटाकडे आले). इथे तेच कापड आणि तोच कुंचला घराला घरपण राहू नये म्हणून वापरला आहे. दारे त्रिकोणी, धुराडी कलंडलेली, आणि नगर कार्यालयातला कारकून इतक्या उंच स्टुलावर बसलेला की त्याच्याकडे अर्ज घेऊन जाणारा माणूस आपोआप लहान होतो. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही त्या स्टुलाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. जत्रेत झोपेत चालणाऱ्या सेझारेचा खेळ लागतो. एक तरुण त्याला गमतीत आपले आयुष्य किती असे विचारतो आणि ‘पहाटेपर्यंत’ असे उत्तर मिळते. सेझारे झालेले कॉनराड फाइट काळ्या अंगाबरोबर कपड्यांत भिंतीला चिकटून असे सरकतात की तेही त्या भिंतीवर रंगवलेले असावेत.

याचीही प्रत पारखून घ्यावी. २०१४ साली बर्लिन महोत्सवात दाखवलेली रिस्टोअर प्रत मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून केलेली आहे. त्याचे पहिले रीळ हरवल्यामुळे तेवढा भाग इतर प्रतींवरून भरला आहे. तीत कुंचल्याचे फटकारे दिसतात, कापडाचा पोत दिसतो आणि चित्रांइतक्याच वेड्यावाकड्या अक्षरांत काढलेल्या मूळ पाट्याही दिसतात. धूसर प्रतीत हे सारे नुसते काळे-पांढरे डाग होऊन जाते, आणि मग या चित्रपटात चित्रकलेव्यतिरिक्त फारसे काही नाही हे जाणवू लागते. संवाद-पाट्या पुष्कळ आहेत, मधला तपासाचा भाग रेंगाळतो, आणि शेवटच्या कलाटणीचे अनुकरण इतक्यांनी केले आहे की ती आधीच ओळखू येते.

पाहण्याच्या वेळेबद्दल एक व्यावहारिक सूचना. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला येतो आणि आपली दिवाळी अनेकदा त्याच सुमारास असते. २०२४ मध्ये तर त्याच दिवशी नरक चतुर्दशी होती. बाहेर माळा फुटत असताना मूकपट पाहणे निरर्थक आहे, कारण त्याचा अर्धा परिणाम संगीतावर उभा असतो. ऑक्टोबरच्या मध्यातली एखादी रात्र निवडावी, दिवे मालवावेत, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. संवाद कानावर पडत नसल्यामुळे इकडे-तिकडे पाहत चित्रपट ‘ऐकण्याची’ सोय इथे नाही.

तिसरा ‘हॅक्सन’, डेन्मार्कच्या बेन्यामिन क्रिस्टेन्सन यांनी स्वीडिश पैशावर केलेला, तोही १९२२ चाच. तो भयपट आहे का याविषयी मला शंका आहे. सात प्रकरणांच्या या चित्रपटाची सुरुवात जुन्या चित्रांवर छडी ठेवून दिलेल्या व्याख्यानाने होते, मग चेटकिणींचे मेळे येतात, जीभ लपलपवणारा सैतान येतो (तो खुद्द दिग्दर्शकानेच केला आहे), आणि त्यानंतर धर्मन्यायालय एका गरीब म्हातारीला पकडून तिच्याकडून हवे ते कबूल करून घेते. सैतानापेक्षा हे पाद्री कितीतरी भयंकर आहेत. त्या म्हातारीचा चेहरा जवळून दाखवलेला आहे, आणि छळाला कंटाळून ती एकामागून एक शेजारणींची नावे घेऊ लागते तेव्हा नजर वळवावीशी वाटते. करणी-भानामतीच्या संशयावरून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आणि त्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात हा भाग इतिहास म्हणून पाहता येत नाही. शेवटचे प्रकरण मात्र कमकुवत आहे. चेटकिणी म्हणून जाळलेल्या बायकांना हिस्टेरिया होता असे सांगून ते एका शिक्क्याच्या जागी दुसरा मारते.

नग्नता आणि छळाची साधने असल्यामुळे ‘हॅक्सन’ मुलांबरोबर पाहू नये. १९६८ ची, अमेरिकी लेखक विल्यम बरोज यांच्या इंग्रजी निवेदनाची आखूड आवृत्ती टाळावी. त्यातले जॅझ संगीत कानाला बरे वाटते, पण चित्रांना बोलू देत नाही. पूर्ण प्रत सुमारे पावणेदोन तासांची आहे, आणि प्रकरणे सुटी असल्यामुळे ती दोन बैठकांत पाहिली तरी काही बिघडत नाही.