नकली २एन३०५५ : प्रोजेक्टसाठी ट्रान्झिस्टर घेण्याआधी वाचा

सबमिशन जवळ आलं की पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मुलांची रीघ लागते. अशाच एका दुकानातून मला माझ्या ऑडिओ अँप्लिफायरच्या प्रोजेक्टसाठी नकली २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर विकले गेले. पैसे फार नव्हते. पण त्यांच्यापायी माझं बरोबर असलेलं डिझाइन सगळ्यांसमोर चुकीचं ठरत राहिलं, याचा राग अजून आहे.

अँप्लिफायर तीन स्टेजचा होता. आधी बीसी५५७ ची डिफरन्शियल जोडी, मग व्होल्टेज वाढवणारी स्टेज, शेवटी बीडी१३९-बीडी१४० ड्रायव्हर आणि २एन३०५५-एमजे२९५५ ची आउटपुट जोडी. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा, म्हणजे सप्लाय साधारण अधिक-उणे २४ व्होल्ट. ८ ओहमवर २० वॅट काढायचे तर शिखराला १८ व्होल्ट आणि सव्वादोन अँपिअर लागतात. २एन३०५५ ची मर्यादा ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. त्याला हे काम किरकोळ आहे.

"ओरिजिनल मोटोरोला आहे, बिनधास्त घे," दुकानदार म्हणाले. बिल मागितलं तर, "एवढ्याशा मालाला बिल कसलं रे?"

सिरीज दिव्यावर (मेन्सच्या वाटेत बल्ब, म्हणजे करंट मर्यादित राहतो) सगळं ठीक होतं. आउटपुटला डीसी जेमतेम काही मिलिव्होल्ट, स्कोपवर १ किलोहर्ट्झची साइन स्वच्छ. मग थेट मेन्सवर, डमी लोड (स्पीकरऐवजी मोठा रेझिस्टर) लावून आवाज वाढवला की थोड्या वेळात फ्यूज जायचा. आउटपुट जोडी कलेक्टर-एमिटर शॉर्ट, सोबत ड्रायव्हरही गेलेले. गाइड मॅडमना थर्मल रनअवेची (ट्रान्झिस्टर तापला की करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो) शंका आली आणि ती रास्तच होती. पण बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच बसवलेला होता, एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट स्थिर होते. ऑसिलेशन (सर्किट आपोआप थरथरणं) म्हणावं तर ते रोखणारं झोबेल नेटवर्क जागेवर आणि स्कोपवर काही दिसत नव्हतं. त्याच दुकानातली दुसरी जोडीही तशीच गेली.

खटकत होती ती हीटसिंक. ती जेमतेम कोमट असायची. रनअवे असता तर हात लावणं कठीण झालं असतं. म्हणजे आतली चिप जळत होती आणि उष्णता बाहेर पोचतच नव्हती.

रास्ता पेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने काका आहेत. त्यांनी हॅकसॉने मेलेल्या ट्रान्झिस्टरचं टोपण कापलं. आत तांदळाच्या कणीएवढी चिप. शेजारी त्यांनी जुन्या अँप्लिफायरमधला अस्सल २एन३०५५ उघडून ठेवला, त्याची चिप कितीतरी मोठी होती. (आरएफ म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सीचे पॉवर ट्रान्झिस्टर मात्र असे कापू नका, काहींत बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ विषारी.) छपाईतही खोट सापडली. डेट कोड २००७ सालचा आणि खूण मोटोरोलाची. मोटोरोलाने हा व्यवसाय १९९९ मध्येच ऑन सेमीकंडक्टर या वेगळ्या कंपनीकडे दिला होता.

मल्टिमीटरच्या एचएफई (गेन मोजणाऱ्या) सॉकेटवर विसंबू नका, तिथल्या इतक्या कमी करंटला नकलीही झकास रीडिंग देतो. खरी परीक्षा अशी : १२ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला १० ओहम २० वॅटचे तीन रेझिस्टर समांतर, बेसला २७ ओहम १० वॅटचा एक. ट्रान्झिस्टर हीटसिंकवर लावा. सव्वातीन अँपिअरच्या आसपास करंट वाहील. कलेक्टर-एमिटर व्होल्टेज १.१ च्या आत राहायला हवं, डेटाशीटमध्ये ४ अँपिअरला तेवढीच कमाल मर्यादा आहे. ते जास्त दिसलं किंवा चढत गेलं तर तो नग बोर्डावर लावूच नका.

कापलेला तुकडा घेऊन दुकानात गेलो. "तुझं सर्किटच चुकलं असेल, विकलेला माल परत नाही," एवढंच उत्तर मिळालं. मग अधिकृत वितरकाकडून जोडी मागवली. जळालेले ड्रायव्हर बदलले, बाकी एकाही पार्टची व्हॅल्यू बदलली नाही, आणि तोच बोर्ड डमी लोडवर २० वॅटला दुपारभर चालला. या वेळी हीटसिंक चांगली तापली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे बोलायला हातात बिल हवं. त्यावर पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव दोन्ही लिहून घ्या. दुकानदार नुसतं 'ट्रान्झिस्टर, नग २' लिहून देत असेल तर तिथून घेऊ नका.