तक्रारिष्ट: तीन आठवडे घेतल्यावर

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका जुन्या दुकानातून हे पचनाचं आयुर्वेदिक औषध आणलं. ताकात ओवा, आवळा, हिरडा, मिरी आणि पाच लवणं घालून आंबवलेलं. झाकण काढलं की ओव्याचा आंबूस दर्प थेट नाकात. चव खारट-तुरट, पहिला घोट जडच जातोय बघा. पण जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. माझं रात्रीचं पोट फुगणं खरोखर कमी झालं. चीनमध्येही गव्हाचं पीठ, कडधान्य आणि काही वनस्पती आंबवून ‘शेनचू’च्या वड्या अपचनावर देतात, त्यातली एक वनस्पती तर आपल्या जोतिबाच्या दवण्याच्याच कुळातली! बीपी असेल तर वैद्यांना विचारूनच घ्या, मीठ भरपूर असतंय. पहिल्या बाटलीचं झाकण फुगलेलं निघालं, दुकानदारानं लगेच बदलून दिली.